आगाऊ आभार

ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्याचे आभार आधीच मानून टाकायचे, म्हणजे बिचाऱ्याला काम केल्यावाचून गत्यंतर राहत नाही. ही युक्ती जुनीच आहे, पण तिचा सर्वांत निर्दय वापर आमच्या डोंबिवलीत होतो. करणाऱ्याला आम्ही आभारकाका म्हणतो. खरं तर हा एकच एक माणूस नव्हे, हा वाण आहे. ठाण्याच्या नौपाड्यात तो सापडतो, कल्याणला पारनाक्यावर सापडतो, पण पोसला जातो तो डोंबिवली पूर्वेलाच. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्या गावात राहून काहीच न लिहिणं बरं दिसत नाही. कथा-कादंबरी जमत नाही, मग माणूस आभार लिहितो.

आमचे काका ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहेत. खरेदीवाला म्हणजे लोकांनी ज्याचे आभार मानायचे, दिवाळीला डायरी आणि काजूकतली पोचवायची, तो माणूस. इथे सगळंच उलटं. पुरवठादार माल देईना की बाकीचे फोनवर आवाज चढवतात. काका एक पोस्टकार्ड टाकतात : ‘आपला माल येत्या मंगळवारी सकाळी अकराच्या आत आमच्या गेटवर पोचत असल्याबद्दल मनःपूर्वक आभार.’ माल मंगळवारी पोचतोय ही बातमी पुरवठादाराला या कार्डावरूनच कळते.

ईमेल फुकट असताना पोस्टकार्ड कशाला, असं मी एकदा विचारलं. काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

‘‘ईमेल तो एकटा वाचणार. कार्ड आधी पोस्टमन वाचतो, मग वॉचमन, मग आवक-जावकच्या बाई, मग शिपाई. साहेबाच्या हातात पडेपर्यंत त्याच्या चांगुलपणाचा कंपनीभर बोभाटा झालेला असतो. आता फिरवू दे शब्द!’’

१८७९ साली आपल्याकडे पोस्टकार्ड आलं तेव्हा ते पाव आण्याला मिळायचं. ते उघडं असतं, कोणीही वाचू शकतं, हा त्याचा उणेपणा. काकांनी नेमकं तेच हत्यार केलं. शिवाय ते अजून पन्नास पैशांत मिळतं. पन्नास पैशांचं नाणं कायद्याने चालत असलं तरी भाजीवाला हातात धरत नाही. ‘‘पन्नास पैशांत आता फक्त आभारच मिळतात,’’ काका म्हणतात, आणि दहा-दहा कार्डं एकदम घेतात.

कार्ड लिहायला बसतात तेव्हा बघावं. आधी पट्टीने पेन्सिलच्या पुसट रेघा मारायच्या, मग निळ्या शाईने मजकूर, आणि शाई वाळली की रेघा खोडरबराने पुसायच्या. पिनकोडच्या सहा चौकटींत सहा आकडे असे बसवतात की एकही रेघेला टेकत नाही. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आणणारे डाक-तार खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतातले कवी होते, हे ते ऐकणाऱ्याची इच्छा न विचारता सांगतात. वेलणकर १९९९ साली गेले. त्यांना कार्ड टाकायचं राहून गेलं, ही काकांची खंत. टाकलं असतं तर कशाबद्दल? ‘‘४२१२०१ बद्दल,’’ असं उत्तर आलं.

सरकारी कचेऱ्यांत मात्र या कार्डांनी भलताच घोळ होतो. तिथे येणाऱ्या कागदावर शिक्का बसतो, आवक क्रमांक पडतो आणि तो कुठल्या तरी टेबलावर जातो. तक्रारीचं टेबल ठरलेलं असतं. आभाराला टेबलच नाही. एकदा एक दाखला वेळेत मिळाला म्हणून काकांनी संबंधित कचेरीला कार्ड टाकलं. तिथल्या साहेबांनी न वाचता, हाताच्या सवयीने, कोपऱ्यात शेरा मारला : ‘नियमानुसार कार्यवाही करून अहवाल सादर करावा.’ आता आभारावर कार्यवाही काय करायची? कारकुनाने नस्ती उघडली. दोनेक महिन्यांनी काकांना उत्तर आलं : ‘आपल्या पत्राच्या अनुषंगाने चौकशी केली असता त्यात तथ्य आढळून आले नाही. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’

काकांनी त्याबद्दलही आभार मानले. त्या कार्डाचं पुढे काय झालं असेल याचा मी विचार करत नाही.

इतकं सगळं असलं तरी व्यासपीठावरचं आभारप्रदर्शन हा काकांचा प्रांत नव्हे. सावित्रीबाई फुले कलामंदिरात असो की कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात, कार्यक्रम संपता संपता एक गृहस्थ घड्याळाकडे बघत माईक हातात घेतात आणि ‘अमुकांचे आभार न मानता आम्ही त्यांच्या ऋणातच राहू इच्छितो’ म्हणतात. काका खुर्चीत चुळबुळतात. ‘‘बिल थकवून ऋणात राहू इच्छितो म्हणालो, तर पुरवठादार गेटवर तंबू ठोकेल!’’

त्यांच्या मते आभार नेमक्या गोष्टीचे हवेत. भाचा इंजिनिअर झाला आणि घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत मुलाखत देऊन आला. मुलाखतीनंतर चोवीस तासांत आभाराचा मेल धाडायचा असतो, असं त्याला कॉलेजात शिकवलं होतं. त्याने तो एआयकडून तयार करून घेतला होता. काकांनी चष्मा लावून वाचला.

‘‘‘आपल्या प्रेरणादायी नेतृत्वाने भारावून गेलो.’ वीस मिनिटांत नेतृत्व कुठे दिसलं रे तुला?’’

‘‘मामा, तसंच लिहितात.’’

‘‘घडलं काय ते सांग.’’

बऱ्याच उलटतपासणीनंतर कळलं की एका प्रश्नावर तो अडला तेव्हा समोरच्या मॅडमनी ‘घाई नाही, कागदावर आकृती काढून बघा’ म्हटलं होतं, आणि आकृती काढल्यावर उत्तर सुचलं होतं. काकांनी तेवढंच लिहायला लावलं. तीन ओळी झाल्या. नोकरी मिळाली नाही. पण नकाराचा मेल छापील नव्हता, मॅडमनी स्वतः लिहिला होता. पुढे दुसऱ्या जागेसाठी त्यांनीच त्याला बोलावलं आणि तो लागला. काका याचं श्रेय त्या तीन ओळींना देतात. मला वाटतं जागा रिकामी होती. पण ‘भारावून गेलो’ वाचून मॅडमना त्याचं तोंड आठवलं नसतं, हेही खरं.

काकांच्या ईमेलखाली ‘थँक्स अँड रिगार्ड्स’ नसतं, त्यावरून ऑफिसातली पोरं त्यांना उद्धट समजतात. स्वतः ती पोरं एकमेकांचे वाभाडे काढून खाली तीच दोन पदं चिकटवतात.

उरल्या काकू. सकाळी सहाला डबा तयार ठेवणाऱ्या बाईला आजवर किती कार्डं आली असतील?

‘‘एकच,’’ काकूंनी सांगितलं. ‘‘तेसुद्धा लग्नाआधी, आणि माझ्या नावे नाही, आमच्या अण्णांच्या.’’

काका त्यांना बघायला कल्याणला पारनाक्यावरच्या वाड्यात गेले होते. कांदेपोहे झाले, चहा झाला, ‘कळवतो’ म्हणून मंडळी उठली. तिसऱ्या दिवशी कार्ड आलं : पोहे उत्तम होते, आणि लिंबाच्या फोडीतल्या बिया आठवणीने काढलेल्या होत्या, त्याबद्दल विशेष आभारी आहे. पोस्टमनने ते दिंडीदरवाजातच मोठ्याने वाचलं, मग वाड्याच्या मालकांनी, मग बिऱ्हाडोबिऱ्हाडी. दिवेलागणीला शेजारणी काकूंच्या आईला मुहूर्त विचारायला लागल्या, आणि अण्णांनी हॉलची चौकशी सुरू केली.

‘‘यांचा होकार होता की नकार, ते मला अजून ठाऊक नाही,’’ काकू म्हणाल्या. ‘‘कार्डावर तसं काहीच नव्हतं. नुसतं लिंबाचं होतं.’’