चाकांवरचा कळप

फुलानी गुराख्यांचा सोहळा पाहायचा तर मालीतल्या दियाफाराबेला जावे लागते. समुद्रापासून कितीतरी आत, नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात हे गाव आहे. पावसाळाभर साहेलच्या कुरणांत चरलेली गुरे परत येताना इथे पोहत नदी ओलांडतात. तारीख पंचांग पाहून नव्हे, पाण्याची पातळी पाहून ठरते. उत्तम राखलेल्या कळपाचे कौतुक होते, तरुण गुराखी प्रवासाची कवने म्हणतात. युनेस्कोने 2008 साली हा सोहळा आपल्या वारशाच्या यादीत घातला. माझ्या खिशात माली बसेना, म्हणून मी नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलो आणि सिंदी (रेल्वे)ला उतरलो.

हा कंस फार महत्त्वाचा. वर्धा शहराला चिकटून दुसरी सिंदी आहे, ती (मेघे). ऑटोवाल्याला नुसते ‘सिंदी’ म्हणणारा पाहुणा पोळा हुकवण्याची शक्यता दाट.

सिंदी (रेल्वे)चा तान्हा पोळा साऱ्या विदर्भात नावाजलेला. श्रावण अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा, दुसऱ्या दिवशी पोरांचा. त्यात बैल लाकडाचे. ही प्रथा नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केली असे सांगतात. राजांना मुलांचे कौतुक होते की लाकडाच्या बैलाला कडबा लागत नाही याचे, हे मात्र कोणी सांगत नाही.

“कोठून आले जी?” पानठेल्यावरच्या काकांनी विचारले.

“पुण्याहून. बैल पाहायला.”

“बाप्पा! मंग काल काऊन नाही आले? खरे बैल त काल होते.”

मी म्हटले, मला आजचेच पाहायचेत. काकांनी चुन्याचे बोट पुसले आणि माझ्याकडे जरा आदराने पाहिले. “बरोबर हाये. हे लाथ नाही मारत.”

रस्त्यात चिखल असा होता की निराळ्या त्रिभुज प्रदेशाची गरज भासू नये. कपाशीची काळी माती एकदा चप्पल घेतली की पावतीही देत नाही. त्यातून नंदी येत होते. मुठीत मावणारे होते, पोराच्या कमरेइतके होते, आणि गल्लीच्या तोंडाशी एक असा आला की त्याच्या वशिंडापर्यंत माझा हात पुरेना. रंग पांढरा, मानेपाशी करडी झाक, थेट गवळाऊ. वर्धा-नागपूरकडचा हा बैल हलक्या अंगाचा आणि पायाचा चपळ. मराठी फौजांच्या मागे सामानाच्या गाड्या घेऊन धावायला म्हणून तो नावारूपाला आला. त्याचा हा लाकडी वंशज मात्र चार चाकांच्या पाटावर उभा होता आणि पुढचे चाक चिखलात रुतले होते. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, नाकात खरी वेसण. सागवान पळून जाईल अशी भीती कोणाला वाटली असावी, कळेना.

“हा धरा! हा लोटा!” चार बापे पाटाला खांदा देऊन उभे राहिले. वर्षभर बैल ओढतो आणि माणूस हाकतो. आज माणसे ओढत होती आणि बैल समोर बघत उभा होता. चाक निघताच एक आजोबा सवयीने नंदीच्या पुठ्ठ्यावर थाप मारून “चाल!” म्हणाले. हात लागला असावा. पुढचा बराच वेळ ते बोटे चोळत होते.

दियाफाराबेत कवने, तर इकडे झडत्या. एक जण टिपेला जाऊन पिकाचे भाव, सरकार आणि सासुरवाडी यांचा हिशेब एका दमात चुकता करतो आणि बाकीचे महादेवाच्या नावाने गाव दणाणून सोडतात. याला युनेस्कोचा शिक्का नाही. झडती म्हणणाऱ्याला त्याची फिकीर दिसली नाही. घसा बसल्याची होती.

परीक्षक नंदी पाहतात तसा पोरांचा वेषही पाहतात. माझ्या शेजारी एक चिमुकले शिवाजी महाराज उभे होते. काजळाची मिशी भुरभुर पावसाने हनुवटीपर्यंत आली होती, आणि आईसाहेब पदराने ती पुन्हा वर ढकलत होत्या. महाराजांचे लक्ष मिशीकडे नव्हते, बोजाऱ्याकडे होते. तान्हा पोळ्याला बैल घेऊन दारी आलेल्या पोराला पैसे द्यायचे, तो बोजारा. मी दहाची नोट काढली.

महाराजांनी ती उलटसुलट पाहिली. “त्या काकानं वीस देल्ले.”

“तुझा बैल केवढा, त्याचा केवढा!”

“त्याचा भाड्याचा हाये,” महाराज म्हणाले. “हा घरचा.”

या युक्तिवादावर आणखी दहा द्यावे लागले. वीस रुपये कमरेच्या शेल्यात गेले, महाराजांनी कासरा वडिलांच्या हाती दिला आणि स्वतः त्यांच्या खांद्यावर चढले.

“पाय दुखून रायले बाबा. आता तुमी वढा.”