संशोधनाचा खर्च

औषध इतके महाग का, असे विचारले की औषध कंपन्यांकडे एकच उत्तर तयार असते: संशोधनाचा खर्च. खर्च दांडगा आहे, यात वाद नाही. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2014 मध्ये एका नव्या औषधामागे 2.6 अब्ज डॉलर असा आकडा काढला. तो ऐकल्यावर केमिस्टकडे दहा टक्के सूट मागायची आपलीच आपल्याला लाज वाटते. पण या खर्चाच्या पावत्या एकेक करून पाहायला गेले, तर काही फारच किरकोळ रकमेच्या निघतात. त्यातल्या बऱ्याच भोपाळच्या आहेत.

त्या जिथे फाटल्या ते भोपाळचे रुग्णालय कसे उभे राहिले ते आधी सांगायला हवे, कारण असा न्याय आपल्याकडे क्वचितच होतो. युनियन कार्बाइडच्या 1984 च्या वायूकांडाची भरपाई 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तोडली गेली. बहुतेक जखमींच्या हातात पहिल्या खेपेला 25,000 रुपये पडले. युनियन कार्बाइडचे आरोपी कोर्टात फिरकेनात, तेव्हा कंपनीचे भारतातले शेअर जप्त झाले. ते 1994 मध्ये विकले गेले आणि त्या पैशातून गॅसपीडितांसाठी भोपाळ मेमोरियल रुग्णालय बांधले गेले. विषाच्या कमाईतून औषधपाणी, तेही फुकट. कथा इथेच संपली असती तर शाळेच्या पुस्तकात धडा म्हणून घालता आली असती.

पण 2005 च्या जानेवारीत आपण एक नियम सैल केला. तोवर परदेशी औषधाची चाचणी तिकडे एक टप्पा पुढे गेल्याशिवाय इकडे करता येत नसे. आता दोन्हीकडे एकदम करायला मुभा मिळाली. कंपन्यांना माणसे हवी होती, आणि व्यवस्थापनाच्या दृष्टीने पाहिले तर गॅसपीडितांसारखी माणसे शोधून सापडली नसती. नावे नोंदलेली, फायली तयार. पत्ता बदलण्याची ऐपत नाही, त्यामुळे पुढच्या तारखेला हमखास हजर. उपचार फुकट, म्हणून प्रश्न विचारायचा संकोच. 2004 ते 2008 या काळात त्या रुग्णालयात निदान दहा चाचण्या झाल्या. टिगेसायक्लिन, टेलाव्हान्सिन ही प्रतिजैविके त्यांत होती, रक्त पातळ करणारे फोंडापॅरिनक्सही होते.

आता संमतीचे. चाचणीत घेण्यापूर्वी रुग्णाला सगळे समजावून सांगायचे आणि मग सही घ्यायची, असा जगभरचा दंडक आहे. भोपाळमध्ये सह्या झाल्या, अंगठेही उमटले. पण आपण चाचणीत होतो हे कित्येकांना काही वर्षांनी पत्रकार दारात आले तेव्हा कळले. तोवर त्यांची समजूत अशी की मोठ्या डॉक्टरांनी आपल्यासाठी खास बाहेरचे औषध आणवले. समजूत अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. औषध बाहेरचेच होते, आणि खासही. फक्त ते कोणासाठी आणवले, एवढाच मतभेद.

तीन चाचण्यांतले 14 रुग्ण दगावल्याचे 2011 मध्ये बातम्यांतून आले. खुलासा तत्पर होता: ही माणसे मूळ आजाराने गेली, औषधाने नव्हे. मूळ आजार कोणी दिला, हा प्रश्न चाचणीच्या आराखड्यात बसत नव्हता.

‘मूळ आजार’ हे या धंद्यातले सर्वांत गुणकारी औषध आहे. 2005 ते 2012 या काळात देशभरातल्या चाचण्यांत 2,644 माणसे मेली, असे केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले, आणि त्यातले 80 मृत्यूच चाचणीमुळे झाले असेही सांगितले. उरलेले 2,564 आपापल्या कारणाने गेले. औषध फक्त शेजारी उभे होते. यात काही खोटेच असेल असे नाही. कर्करोगाच्या, हृदयविकाराच्या रुग्णांवर चाचण्या होतात, ती माणसे मरतातही. पण कारण ठरवायला पहिल्यांदा बसतो तो ज्याला कंपनीकडून मानधन मिळते तो डॉक्टर, आणि त्यावर नजर ठेवणारी नैतिकता समिती बहुधा त्याच रुग्णालयाच्या पहिल्या मजल्यावर. पंच फलंदाजाचा मामा असल्यावर पायचीत किती जण होणार?

शेजारी इंदूरला होळकरांच्या नावाच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात हाच खेळ लहान मुलांवर झाल्याचे बाहेर आले. ते बाहेर काढणाऱ्या डॉ. आनंद राय यांची नोकरी गेली. इंदूरच्या प्रकरणात 12 डॉक्टरांनाही शिक्षा झाली, नाही असे नाही. 2012 मध्ये राज्य सरकारने त्यांना दंड केला: प्रत्येकी रुपये 5,000. बारा जणांचे मिळून साठ हजार. एवढ्यात वैद्यकीय परिषदेला सहकुटुंब गोव्याला जाऊन येणेही जमत नाही, म्हणजे दंड जरबेचाच म्हणायचा.

पुढे न्यायालयाने कान उपटले, नियम कडक झाले, दुबळ्या गटांतल्या माणसांची संमती कॅमेऱ्यासमोर घ्यायचे ठरले. आणि 2020 च्या अखेरीस कोव्हॅक्सिन या करोनाच्या लशीच्या चाचणीसाठी भोपाळमध्ये पुन्हा माणसे लागली. एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयाकडून गॅसपीडितांच्या वस्त्यांत लाउडस्पीकरची गाडी फिरली, लस घ्यायला या आणि 750 रुपये मिळतील असे सांगितले गेले, कागद वाचून दाखवले नाहीत, प्रतही दिली नाही, असे तिथल्या रहिवाशांचे म्हणणे. महाविद्यालयाने ते साफ नाकारले. खरे-खोटे त्यांनी आपसात पाहावे. पण करोनात रोजंदारी बुडालेल्या माणसाला 750 रुपये म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी, आणि चाचणीत निम्म्यांना लस तर निम्म्यांना दिसायला तशीच दुसरी सुई होती. आपल्याला लसच मिळाली या भरवशावर त्यातला कोण बिनधास्त गर्दीत शिरला असेल, हे विचारायला गाडी पुन्हा आल्याचे ऐकिवात नाही.

तरी आता काळजीचे कारण नाही, कारण भरपाईचे शास्त्र आले आहे. 2019 च्या नियमांत ते सूत्ररूपाने छापलेले आहे. चाचणीमुळे माणूस मेला हे ठरले, तर आठ लाख गुणिले वयाचा गुणक, गुणिले आजाराचा गुणक, भागिले 99.37. वयाचा गुणक कामगार भरपाईच्या कायद्यातून उचललेला. पोर असेल तर जास्त, म्हातारा असेल तर कमी. आजाराचा गुणक ठणठणीत माणसाला 4, आणि सहा महिन्यांवर आयुष्य नाही अशाला अर्धा. सगळ्यात चढा भाव 73 लाख 60 हजारांच्या आसपास जातो, तो निरोगी पोराचा.

भोपाळसाठी हे सूत्र फार सुटसुटीत पडते. 1984 साली जो पंचवीस वर्षांचा होता, तो 2024 मध्ये पासष्टचा झाला. पासष्टाव्या वर्षाचा वयाचा गुणक नेमका 99.37. वरचे 99.37 खालच्याने कटते, चौथीतल्या मुलालाही जमेल. उरतात आठ लाख आणि आजाराचा गुणक. तो निरोगी असता तर आकडा बत्तीस लाखांवर गेला असता. पण फुफ्फुसे चाळीस वर्षांपूर्वीच गेलेली, मूत्रपिंडे त्यांच्या मागोमाग. अशा माणसाच्या केसपेपरवर डॉक्टर काय लिहिणार? अर्धा. म्हणजे चार लाख. वरचे अठ्ठावीस युनियन कार्बाइडने वायूकांडाच्या रात्रीच कापून ठेवले आहेत, आणि औषध कंपनीला त्याबद्दल कोणाला एक पैसा द्यावा लागत नाही.