भीमाचा सराव कच्चा

मे महिन्याची दुपार. या वेळी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. घराघरात कूलर घरघरत असतो आणि त्याच्यावर आवाज काढून ‘छोटा भीम’ चाललेला असतो.

“आबाजी, भीमाले लाडू कोण देते?” सात वर्षांच्या नातवानं विचारलं.

“टुनटुन मावशी.”

“मंग आजी मले काहून नाही देत?”

आजी आत कुरड्यांच्या चिकात हात घालून बसली होती. तिनं तिथूनच सांगितलं, “तुह्या आबाजीनं संपवले म्हणून.” विषय भलतीकडे चालला होता, म्हणून मी टीव्हीकडे लक्ष दिलं. तेव्हाच माझ्यातला परीक्षक जागा झाला.

हे परीक्षक प्रकरण थोडं सांगायला हवं. सुमारे ४५ वर्षांपूर्वी मी एका व्यायामशाळेत अडीच महिने लाठी शिकलो. अडीच महिन्यांत लाठी येत नाही, पण दुसऱ्याच्या चुका काढायला तेवढं पुरतं. पहिले पंधरा दिवस वस्तादांनी लाठीला हातच लावू दिला नव्हता. नुसते पवित्रे. हा पाय पुढं, तो मागं, गुडघा वाकलेला, कंबर सरळ. रात्री घरी संडासात बसताना आई आठवायची. आणि इथं ढोलकपूरचा हा पोरगा! केशरी धोतर नेसून उभा, पवित्रा नाही, नजर नाही. समोर राक्षस आला की लाडू तोंडात टाकतो आणि राक्षसाला शेपटीला धरून गरगर फिरवतो. हैदराबादच्या राजीव चिलका यांचा हा मानसपुत्र २००८ पासून पोगोवर लढतो आहे. मी पाहिलेल्या भागांत त्यानं एकदाही जोर मारलेला मला दिसला नाही. बैठका नाहीत, मुद्गल नाही. भीम म्हणवतो आणि हातात गदा नाही! २०१९ साली तर तो ‘कुंग फू धमाका’ या चित्रपटात थेट चीनला गेला. अरे बापा, १९१४ पासून अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. एवढ्या जवळचं सोडून चीन?

मी हे सगळं मोठ्यानं बोलत होतो, हे नातवानं आवाज वाढवला तेव्हा कळलं.

खरं तर कार्टूनवाल्या योद्ध्यांची ही खोड जुनीच. नातवाचा बाप लहान असताना दूरदर्शनवर ही-मॅन यायचा. दंड असे की आमचे वस्ताद त्याच्यापुढं किरकोळ दिसले असते. तो तलवार उंच धरून गर्जना करायचा, ढगांचा गडगडाट व्हायचा आणि त्यानंतर ती तलवार कोणाच्या अंगाला लागायची नाही. शत्रूला तो उचलून लांब फेकायचा, आणि शेवटी मुलांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगायचा. मुलांचा कार्यक्रम म्हणून ती काळजी घेतलेली. वर्ध्याच्या माणसाला मात्र तो परका वाटला नाही. बापूकुटी हाकेच्या अंतरावर असताना आम्ही त्याला सेवाग्रामचाच कार्यकर्ता समजून पाहत होतो. मग १९९३ मध्ये रविवारी मोगली आला. किपलिंगच्या पुस्तकात त्याच्याकडं सुरी असते. या जपानी मालिकेत त्याच्या हाती बूमरँग! नागपूरहून जबलपूरकडं जाताना लागतं ते सिवनी त्याचं गाव. तिथल्या लांडग्यांनी पोराला ऑस्ट्रेलियाचं हत्यार कुठल्या तालमीत शिकवलं, हे मी माझ्या मुलाला दर रविवारी विचारायचो. पुढं पुढं तो शेजाऱ्यांकडं टीव्ही बघायला जाऊ लागला.

पण भीमाचं दुःख जास्त, कारण भीम आमच्या जिल्ह्याचा. हसू नका. सेलू तालुक्यातलं केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या मानतात. तिथल्या गणपतीला एकचक्रा गणेश म्हणतात. बकासुर इथंच मेला. कीचकाचं विचाराल तर तो चिखलदऱ्याला. तिथल्या भीमकुंडात भीमानं हात धुतले. म्हणजे भीमाची निम्मी कामगिरी विदर्भात झालेली, आणि आज त्याचं बिऱ्हाड ढोलकपुरात!

नातवाचं तोंड बंद करायला म्हणून संध्याकाळी जाडजूड महाभारत काढलं. शोधत होतो भीमाच्या तालमीचा पुरावा, आणि सापडलं भलतंच. दुर्योधनानं लहानपणी भीमाला विष घालून गंगेत टाकलं, तर तो खाली नागांकडं पोचला. त्यांनी त्याला रस पाजला. गड्यानं आठ कुंडं रिकामी केली आणि आठ दिवस झोपला. हजारो हत्तींचं बळ त्यातून आलं. म्हणजे लाडूची भानगड पोगोवाल्यांनी काढलेलीच नाही! बकासुराच्या वेळीही तेच. गाडाभर अन्न राक्षसाकडं न्यायचं, तर हा तिथंच बसून ते खात सुटला. राक्षस मागून पाठीत गुद्दे घालतोय आणि हा घास संपवतोय. मग उठला, झाडं उपटून झाली, शेवटी गुडघ्यावर त्याची पाठ मोडली. गदा? हिडिंब हातांनी, कीचक हातांनी, जरासंध कुस्तीत उभा फाडला. द्रोणांकडं शिकला, बलरामांकडं गदा शिकला, सगळं खरं. पण जमेल तिथं गदा घरी ठेवून गेला.

आणि दुर्योधन? त्यानं १३ वर्षं भीमाचा लोखंडी पुतळा करून त्याच्यावर रोज गदेचा सराव केला. हे खुद्द कृष्ण सांगतो. आणि ऐन गदायुद्धात तोच म्हणतो: बळ भीमाचं जास्त, पण हातोटी दुर्योधनाची, नियमानं लढला तर भीम जिंकत नाही. मग अर्जुनानं आपली मांडी थोपटून खूण केली आणि भीमानं कमरेखाली हाणली. बलराम नांगर उचलून धावले. दोघांचेही वस्ताद ते. कोणी घाम गाळला होता हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

पुस्तक मिटलं. आमच्या व्यायामशाळेत एक पोरगा असाच रोज पहाटे सगळ्यांच्या आधी यायचा. आम्ही त्याला दुर्योधन म्हणत नव्हतो, पण त्याच्याशी बोलतही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सराव म्हणजे काय याचा नातवाला पुरावा म्हणून मी गच्चीवर लाठी काढली. माळ्यावरची, जुनी, कानापर्यंत उंचीची. गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर हिच्या कुरड्या वाळत होत्या, त्यांच्यापासून मी शहाण्यासारखा चार हात लांब उभा राहिलो. पवित्रा घेतला. गुडघ्यानं कट्‌ आवाज केला; नातवाला ती सुरुवातीची आरोळी वाटली. पहिली फिरकी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फिरकीत लाठीचं टोक कपड्यांच्या तारेत अडकलं, खांद्यात वीज चमकली आणि लाठी माझा हात सोडून, कुरड्यांच्या मधोमध, स्वतःहून एकदा फिरून पडली.

बराच वेळ कोणी बोललं नाही.

“आबाजी,” नातू हळूच म्हणाला, “बूमरँगसारखी वापस नाही आली.”

खाली हिनं खांद्याला तेल लावलं, ते लावताना जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. कुरड्यांचा हिशेब रात्रीपर्यंत चालला. नातू मात्र आत गेला, डबे खडखडले, आणि संपले म्हणून सांगितलेल्या डिंकाच्या लाडवांतला एक त्यानं माझ्यापुढं धरला. “खा, ताकद येते.”

खाल्ला. अर्ध्या तासानं दुसराही खाल्ला. खांदा तसाच होता. भीम आठ दिवस झोपला होता म्हणे. मला मात्र पाचला चहाला उठवण्यात आलं, आणि चहासोबत ताटलीत माझ्यासाठी चुरा झालेल्या कुरड्या तळून ठेवल्या होत्या.