रोजचा फेरा

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात संध्याकाळी पिग्मीवाला, म्हणजे बँकेसाठी रोजची बचत गोळा करणारा, येतो. खांद्याला पिशवी, हातात पावतीचं छोटं यंत्र. भुसारी दुकान, चप्पलवाला, चहाचा गाडा, प्रत्येकाच्या गल्ल्यातून पन्नास-शंभर जे निघेल ते घेतो, पावती देतो, पुढे सरकतो. त्याला मिळतं ते गोळा केलेल्या रकमेवरचं कमिशन. चार दिवस तो फिरकला नाही, तर दुकानदाराचे ते पैसे उधारीत नाहीतर पोराच्या वह्या-पुस्तकांत जिरतात आणि त्या चार दिवसांचं कमिशन पुन्हा मिळत नाही.

ॲफिलिएट मार्केटिंग करायचं म्हणणाऱ्या मुलांनी आधी एक आठवडा या माणसामागून फिरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

धंदा साधा आहे. माल दुसऱ्याचा, शिफारस तुमची. तुम्ही दिलेल्या लिंकवरून कुणी खरेदी केली की तुम्हाला कमिशन. ॲमेझॉनने १९९६ मध्ये ही योजना आणली, तेव्हापासून ती जगभर पसरली. यात वाईट काही नाही. वाईट आहे ती ही योजना विकण्याची पद्धत. ‘झोपेत पैसे कमवा’ असं सांगून कोर्स विकले जातात आणि नोकरीसाठी वणवण करणारी पेडण्या-डिचोलीतली मुलं आईच्या साठवणीतले पैसे त्यात घालतात. अशा दोन-तीन मुलांशी मी बोललो आहे. हे विकणाऱ्यांचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

झोपेत काय होतं, ते नियमांतच लिहिलेलं आहे. ॲमेझॉनवर गिऱ्हाइकाने लिंक उघडल्यापासून २४ तासांत वस्तू खरेदीच्या टोपलीत टाकली नाही, तर त्या लिंकचं कमिशन गेलं. नव्या माणसाच्या पहिल्या १८० दिवसांत ३ विक्री झाल्या नाहीत, तर खातं बंद. आता हिशेब करा. दोन हजारांचा मिक्सर, कमिशन चार टक्के धरू. हाती आले ८० रुपये. महिन्याला आठ हजार हवे असतील, तर शंभर मिक्सर तुमच्या शब्दावर विकले गेले पाहिजेत. शंभर कुटुंबांनी तुमचा शब्द का मानावा?

याचं उत्तर पिग्मीत आहे. ती रीत उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने १९२८ मध्ये सुरू केली. तीच पुढे सिंडिकेट बँक झाली. रोज दोन आणे, तेही बँकेचा माणूस दारात येऊन नेणार. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गोळा करणाऱ्यांना कामगार मानलं आणि त्यांचं कमिशन म्हणजे वेतनच, असा निर्वाळा दिला. कमिशन म्हणजे केलेल्या कामाचं वेतन, हे मुलांना पहिल्या दिवशी सांगायला हवं.

पेडण्याच्या किनाऱ्यावर तर कमिशन हा शब्द शिकवावाच लागत नाही. मोरजी, मांद्रे, हरमल, सगळीकडे पाहुणा हॉटेलात पोचवला की पोचवणाऱ्याचे ठरलेले पैसे असतात. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमानं उडू लागली, त्यानंतर इथली मुलं खोल्यांच्या, दुचाक्यांच्या लिंका फिरवू लागली. पण पाहुणा उतरतो तेव्हा तिथे उभं असावं लागतं, हा जुना धडा फोन हातात आला की विसरला जातो. तीन दिवस वीस-वीस लिंका टाकायच्या आणि पुढचे तीन आठवडे गप्प बसायचं. असा माणूस दारात आला तर आपण त्याच्या हातात पन्नास रुपये तरी ठेवू का?

मग रोज करायचं काय? इथे आपल्या मुलांच्या हातात जे आहे, ते दिल्लीत बसून वस्तूंची यादी करणाऱ्याच्या हातात नाही. ओलं खोबरं, धणे, मिरची घालून माशाच्या हुमणाचं वाटण किती मऊ होतं, हे सांगायला तो मिक्सर आपल्या स्वयंपाकघरात महिनाभर चालावा लागतो. खाऱ्या वाऱ्यात पंख्याचे स्क्रू कधी गंजतात, हे मांद्र्याच्या घरातच कळतं. जूनमध्ये वीज जाते तेव्हा इन्व्हर्टर खरोखर किती तास चालतो, कुठला रेनकोट दुचाकीवर पाठीतून गळतो, हे वापरल्याशिवाय लिहिताच येत नाही. म्हणून वही हवी. आज काय वापरलं, काय बिघडलं, कुणी काय विचारलं, कुणाला उत्तर द्यायचं राहिलं. रोज एक तास वापरून बघायला आणि एक तास मराठीत किंवा कोंकणीत स्वच्छ लिहायला. विक्री शून्य असलेल्या दिवशीही हे चुकता कामा नये, आणि सुरुवातीला असे दिवसच जास्त असतात.

वेळही आपल्याला आपल्या घरांनी शिकवली आहे. पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायचं ते पाऊस पडायच्या आधी. सुकी मासळी, मिरच्या, सोलं मे महिन्यात घरात येतात. रेनकोटाबद्दलही एप्रिलमध्येच लिहून झालेलं असावं, पर्यटकांच्या मोसमाबद्दल ऑगस्टात. चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, खरेदी संपल्यावर दिव्यांच्या माळांची लिंक टाकून काही हाती लागत नाही.

आणखी एक गोष्ट डिचोलीकरांना मी सांगायची गरज नाही, तरी सांगतो. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. मध्ये सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्याला पुन्हा सगळं बंद. ट्रक अंगणात उभे राहिले, कर्जाचे हप्ते चालूच राहिले. कमिशनच्या धंद्यातही असा आदेश कधीही येतो. टिकटॉक २९ जून २०२० ला सरकारी बंदीने भारतातून एका फटक्यात गेलं. मार्च २०२४ मध्ये गूगलने नियम कडक केले आणि ढिगाने पाडलेली उसन्या माहितीची पानं शोधातून खाली फेकली गेली. एका खाणीवर दारातला ट्रक अवलंबून ठेवला तेव्हा काय झालं, ते आपण पाहिलं आहे. म्हणून ज्यांनी प्रश्न विचारले त्यांची नावं आणि पत्ते आपल्या वहीत असावेत, दुसऱ्याच्या ॲपमध्ये नव्हेत.

आणि ‘या लिंकवर मला कमिशन मिळतं’ हे वाक्य पहिल्याच ओळीत लिहायचं. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये तशा सूचना दिल्या आहेत आणि फसव्या शिफारशीला कायद्याने दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड नसता तरी मी हेच म्हटलं असतं. पिग्मीवाला पावती न देता पुढे गेला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी गल्ला उघडणार नाही.

कोर्समध्ये पैसे घालवलेल्या त्या मुलांपैकी पेडण्याचा एक जण परवा पुन्हा भेटला. हातात शाळेची शंभर पानी वही. आईचा मिक्सर त्याने अभ्यासाला घेतला आहे. अकराव्या दिवसाची नोंद मला वाचून दाखवली: झाकणाच्या कडेने पाणी झिरपतं, कंपनीला मेल केला, उत्तर नाही. अजून एकही लिंक त्याने टाकलेली नाही. तिसाव्या दिवसानंतर टाकीन म्हणाला, आणि झाकणाचं सगळ्यात आधी लिहीन.