माझ्या पोटासाठी सामुदायिक प्रार्थना

मिशनरी म्हणजे गोरा, उंच आणि बाहेरून आलेला माणूस, अशी माझी लहानपणापासूनची पक्की समजूत. नगरच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या कुणाचीही असेल. अमेरिकन मराठी मिशन 1813 साली मुंबईत आलं, 1831 साली नगरला पोचलं, आणि पुढे कॅमेरा आल्यावर आमच्याकडच्या जुन्या फोटोंचा एकच बेत ठरून गेला. मधल्या खुर्चीवर साहेब, शेजारी मडम आणि मागे श्वास रोखून उभे असलेले आमचे पणजोबा. नातं कोण जोडायला आलंय आणि कुणाशी जोडलं जातंय, हे विचारावं लागत नसे. बसलेला तो जोडणारा.

त्यामुळे टेक्सासमधल्या आमच्या मंडळीने उन्हाळ्यात ग्वाटेमालाला टीम न्यायचं ठरवलं आणि मी हात वर केला, त्यात सेवाभाव किती आणि खुर्चीवर बसायची हौस किती, ते प्रभूलाच ठाऊक. बायको म्हणाली, "अहो, मोरीतला नळ महिनाभर गळतोय. आधी त्याची सेवा करा." पण नळाची सेवा केल्याचे फोटो मंडळीच्या भिंतीवर लागत नाहीत.

जाण्याआधी प्रशिक्षण झालं. "आपण भिंत बांधायला नाही, नाती बांधायला चाललोय," हे टीमच्या प्रमुखाने इतक्यांदा सांगितलं की भिंतीचं काय करायचं ते विचारायचं राहूनच गेलं. मग आरोग्याच्या सूचना. पाणी बाटलीतलंच प्या, बर्फ नको, कापलेली फळं नकोत, रस्त्यावरचं काहीही नको. इथे मी मोठ्याने हसलो. ज्याने एसटी स्टँडवरच्या पिंपातलं पाणी साखळीने बांधलेल्या ग्लासातून पिऊन इंजिनिअरिंग केलं, त्याला हे बर्फ शिकवणार! सगळ्यांसमोर मी सांगितलं, "माझं पोट भारतीय आहे. त्याची काळजी करू नका." टीमबरोबर येणाऱ्या नर्सबाईंनी ते वहीत लिहून घेतलं. का, ते तेव्हा कळलं नाही.

गाव अटिटलान तलावाच्या वरच्या डोंगरात, सोलोला भागात. तलाव म्हणजे ज्वालामुखीच्या स्फोटाने पडलेला प्रचंड खड्डा, काठावर आणखी तीन ज्वालामुखी, आणि उतारांवर मका, कॉफी, कांदा. देशात माया कुळातल्या वीसहून जास्त भाषा बोलल्या जातात, त्यातली काक्चिकेल ही या गावाची. स्पॅनिश दुसरी भाषा. आमची इंग्रजी हिशेबातच नाही.

माझी पहिली पंचाईत अशी झाली की तिथे मी परदेशी दिसेना. रंग तोच, उंची तीच, केसही तेच. टीममधल्या उंच सोनेरी पोरांभोवती गावची मुलं पहिल्या दिवसापासून लोंबकळत होती; माझ्याकडे बघून त्यांना काहीच वाटत नव्हतं. आम्हा सगळ्यांच्या अंगात वचन छापलेले पोपटी टी-शर्ट होते. पण अमेरिकेतले वापरलेले कपडे तिकडे गठ्ठ्याने येतात आणि 'पाका' नावाच्या दुकानांतून स्वस्तात विकले जातात. अमेरिकन शाळांचे, क्लबांचे टी-शर्ट घातलेले आजोबा गल्लोगल्ली दिसतात. माझा टी-शर्टही त्यातलाच, असा गावाने सरळ हिशेब केला.

कळस झाला तो सोलोलाच्या बाजारात. अमेरिकेत निवृत्त झालेल्या पिवळ्या स्कूलबस तिकडे लाल-हिरव्या रंगात, क्रोमच्या दागिन्यांत पुन्हा बोहल्यावर चढतात. टपावर सामान चढवायला एक पोऱ्या असतो. मी बसच्या मागच्या शिडीपाशी उभा राहून फोटो काढत होतो, तेवढ्यात एका बाईंनी भलंमोठं टोपलं माझ्या हातात दिलं आणि वर बोट दाखवलं. नाही म्हणायला भाषा हवी. मी टपावर चढलो. खाली आणखी सामान जमलं: कांद्याची पोती, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. खरा पोऱ्या आला, त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे खालून सामान द्यायला लागला. आमचे प्रमुख लांबून अंगठा दाखवत होते. त्यांना वाटलं, याने नातं जोडलं. बस सुरू झाल्यावर मी कसा उतरलो ते सांगत नाही. गुडघ्याला खूण आहे.

भिंतीचं प्रकरण त्याहून गंभीर. शाळेच्या आवारात सिमेंटच्या ब्लॉकची खोली बांधायची होती. माल जमिनीवरच कालवायचा, घमेल्याने वाहायचा, ब्लॉक रचायचे. मी संगणकाचा का होईना, पण इंजिनिअर. त्यामुळे घमेलं वाहणं मला कमीपणाचं वाटलं आणि मी थापी मागून घेतली. गवंडीदादा भला माणूस. त्याने दिली. दुपारी आम्ही जेवायला गेलो की तो मागे थांबायचा. एकदा मी टोपी विसरलो म्हणून परत आलो, तर दादा माझा संपूर्ण थर उचलून, ब्लॉक धुऊन, ओळंबा लावून नव्याने रचत होता. मला पाहून त्याने टोपी झटकून माझ्या हातात दिली आणि कामाला लागला.

मला राग आला होता, पण दादाने सळीवर थाप मारून हाताने जमीन हलवून दाखवली आणि तो ओसरला. 4 फेब्रुवारी 1976 ला या देशात पहाटे तीनच्या सुमारास भूकंप झाला. सुमारे तेवीस हजार माणसं गेली, त्यातली कित्येक झोपेतच, स्वतःच्या मातीच्या भिंतींखाली. म्हणून आता ब्लॉकच्या पोकळीतून उभ्या सळ्या जातात, त्या पोकळ्यांत माल ठासून भरावा लागतो, मधे आडवे पट्टे टाकावे लागतात. मी पोकळ्या वरवर भरून थापीने गुळगुळीत करत होतो. दिसायला छान. आमच्या सगळ्या टीमच्या विमानभाड्यात अशा दादांची मोठी टोळी कितीतरी दिवस कामाला लागली असती, हा हिशेब मी तिथेच मनात केला आणि घाईने पुसून टाकला.

भूकंपानंतर मदतीच्या ट्रकांबरोबर अमेरिकन इव्हँजेलिकल मंडळ्यांचा ओघ वाढला. प्रोटेस्टंट तिथे 1882 पासून होते. राष्ट्राध्यक्ष बारिओस यांनी कॅथलिक चर्चचं वजन कमी करायला ते बोलावून आणले होते. पण लाट आली ती 1976 नंतर. मग 1982 साली सत्ता हातात घेणारा जनरल रिओस माँट स्वतःच इव्हँजेलिकल. तो दूरदर्शनवरून रविवारी नीतीची प्रवचनं द्यायचा, आणि त्याच्याच राजवटीत लष्कर डोंगरातली माया गावं जाळत होतं. छत्तीस वर्षांचं ते यादवी युद्ध 1996 ला संपलं. गावातले म्हातारे परक्या माणसाशी गोड बोलतात, जेवायला घालतात आणि त्या वर्षांविषयी चकार शब्द काढत नाहीत. नातं जोडायला आलेल्यांना कुठवर आत घ्यायचं, हे त्यांना आमच्या प्रशिक्षणापेक्षा चांगलं समजतं.

भिंतीवरून उतरवल्यावर मी स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. तिथे मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, सकाळी चोळून धुतात, साल निघालं की गिरणीवरून ओलं पीठ दळून आणतात. मक्याला चुना हे ऐकून मला हसू आलं होतं. पण ही अक्कल युरोपला नव्हती. त्यांनी मका नेला, चुन्याची रीत इथेच ठेवली, आणि नुसत्या मक्यावर जगणारी तिकडची गरीब माणसं पेलाग्राने आजारली, कारण चुन्याशिवाय मक्यातलं नायासिन अंगी लागत नाही. असो. मी यजमानीणबाईंना खुणेने सांगितलं की आमच्याकडेही भाकरी असते, आणि मला थापता येते. यातलं पहिलं खरं होतं. त्या पोळपाट-परात काही घेत नाहीत; गोळा दोन तळव्यांत टाळ्या वाजवत फिरवतात आणि गोल, एकसारखी तॉर्तिया थेट तव्यावर. माझी टाळ्या वाजवता वाजवता मधोमध फाटली. दुसरी कोपराला चिकटली. चुलीजवळची सहा-सात वर्षांची पोर उठली, माझ्या हातातलं पीठ काढून घेतलं, नीट गोळा करून आईच्या पिठात परत टाकलं आणि मला लाकडं सरकवायचं काम दिलं.

एवढ्या मानहानीनंतर माणूस बाजारात कैरी दिसल्यावर काय करणार? कैरीच्या लांब फोडी, त्यावर लिंबू, मीठ आणि भाजलेल्या भोपळ्याच्या बियांची भुकटी. मी दोन पिशव्या खाल्ल्या. वर बर्फाचं सरबत. टीममधली पोरं बाटलीतलं पाणी पीत आदराने बघत होती.

त्या रात्री माझ्या भारतीय पोटाने माझी साथ सोडली. शौचालय परसात, वाटेत कुत्री, आणि यजमानांचं कुत्रं मला प्रत्येक फेरीला नव्याने ओळखत होतं. पहाटे नर्सबाई आल्या, गोळी आणि मीठ-साखरेचं पाणी दिलं आणि वहीतलं ते पान उघडून शांतपणे माझ्यासमोर धरलं.

संध्याकाळी गावच्या पाळकसाहेबांना बातमी लागली. त्यांच्या पत्र्याच्या उपासनाघरात वीसएक बाकं आणि लग्नाच्या मांडवाला पुरतील एवढे स्पीकर. मला घरी खाटेवर पडल्या पडल्या स्वतःचं नाव ऐकू आलं. आधी स्पॅनिशमध्ये, मग काक्चिकेलमध्ये. विल्यम कॅमरन टाउनसेंड नावाचा अमेरिकन तरुण 1917 साली इकडे स्पॅनिश बायबलं विकायला आला. गिऱ्हाइकांना स्पॅनिशच येत नाही हे पाहून तो वर्षानुवर्षं राहिला, काक्चिकेल शिकला आणि त्या भाषेत नवा करार केला. आपल्या फादर स्टीफन्सनी 1616 साली ख्रिस्तपुराण मराठीत छापलं, त्याच जातीचं चिवट काम. या सगळ्या तपश्चर्येच्या शेवटी त्या संध्याकाळी माझे जुलाब दोन भाषांतून पलीकडच्या डोंगरापर्यंत पोचले. मंडळी "आमेन" म्हणत होती. माझं मला उठून जावं लागलं.

पलीकडची आजी कॅथलिक. स्पीकर तिच्या खिडकीकडेच तोंड करून असतो, त्यामुळे ती प्रत्येक उपासनेला घरबसल्या हजर. ती काठी टेकत पेरिकोनचा काढा घेऊन आली. ही वनस्पती झेंडूच्या कुळातली. दसऱ्याला आपण दाराला लावतो तो झेंडूही मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचाच. आजीचं निदान, पोटात थंडी शिरली. कैरी थंड, बर्फ थंड, म्हणून माणूस आजारी. माझ्या आजीने उष्णता म्हटलं असतं, पण आवाज अगदी हाच काढला असता. मग दुसऱ्या दिवशी मला तेमास्कालमध्ये घातलं: ढोपरांवर रांगत शिरायची बुटकी कोठडी, आत तापलेले दगड, त्यावर पाणी, आणि पाठीवर पाल्याचे फटके. नर्सबाई बाहेर मीठ-साखरेचा जग घेऊन उभ्या.

गवंडीदादाने मात्र कुणाला न सांगता भलतंच केलं. तो सामान आणायला बोटीने सान्तियागो अटिटलानला गेला होता. तिथे माशिमोन असतो: हॅट घातलेला, गळ्यात रुमालांचा ढीग, तोंडात चिरूट असा लाकडाचा देव. दरवर्षी तो एका घरातून दुसऱ्या घरात राहायला जातो आणि त्याला नैवेद्य दारूचा. दादाने तिथे माझ्या नावाची मेणबत्ती लावली. "पाळकांना सांगू नका," म्हणाला.

त्याच गावात ओक्लाहोमाच्या शेतकऱ्याचा मुलगा फादर स्टॅन्ली रोदर 1968 साली आला होता. सेमिनरीत लॅटिनमध्ये नापास झालेला हा माणूस इथे त्सुतुहिल भाषा शिकला, लोकांबरोबर शेतात राबला. मारायच्या यादीत नाव आल्यावर घरी गेला आणि काही महिन्यांत ईस्टरसाठी परत आला. 28 जुलै 1981 ला त्याला त्याच्या घरात गोळ्या घातल्या. देह ओक्लाहोमाला गेला. हृदय गावकऱ्यांनी मागून ठेवून घेतलं, ते तिथल्या चर्चमध्ये आहे. त्याच्यापुढे आम्ही म्हणजे रजेचा अर्ज मंजूर करून आलेली माणसं.

मी बरा झालो. आता प्रश्न श्रेयाचा. पाळकसाहेबांनी माझ्या हातात माइक दिला, साक्ष द्या म्हणाले. मी देवाचे आभार मानले. सकाळी आजी दारात हजर: तिने खिडकीतून सगळं ऐकलं होतं, त्यात काढ्याचा उल्लेख नव्हता. तिच्या घरी जाऊन आभार मानले, तिने ताट वाढलं. तेमास्कालवाल्यांकडे गेलो, त्यांनीही वाढलं. कोपऱ्यावरच्या कुणी दोन बहिणींनी माझ्यासाठी उपास केला होता असं कळलं. त्यांनी तो माझ्याच पुढ्यात चिकन तमालांनी सोडला. नर्सबाईंनी हात जोडले आणि माझ्या गोळ्यांचा साठा दुप्पट केला. उरलेली सगळी रजा माझी घरोघरी पाटावर बसण्यात गेली. पोरंही आता मला पाहून धावत यायची आणि पोट धरून वाकून दाखवायची. भिंतीकडे मी फिरकलोसुद्धा नाही, आणि त्या काळात ती झपाट्याने वर गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मंडळीची टीम पुन्हा चालली आहे, आणि गावाने मला नावानिशी बोलावलं आहे. गवंडीदादाची एवढीच अट आहे की मला थापी द्यायची नाही.