रोजचे तीनशे किलोमीटर आणि मधली खाडी

वडवणीहून समुद्र गाठायचा तर आधी बीड ओलांडावं लागतं, मग नगर, मग पुणे. यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड, ताम्हिणी घाट त्या मानाने सोपा. घाट उतरून माणगाव येईपर्यंत डब्यातल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी संपलेली असते, आणि समुद्र तरीही पुढेच असतो. आमच्या भागात उन्हाळ्यात पाणी गाडीवर बसून येतं, त्याला टँकर म्हणतात. गाडीनेच पाण्यावर बसून पलीकडे जावं हा प्रकार इकडे मुळातच उलटा वाटतो. पावसाळ्यात नदी फुगली की मराठवाड्यात माणसांना काहिलीत (गुळाच्या मोठ्या कढईत) बसवून पैलतीरी नेल्याच्या बातम्या येतात, पण काहिलीत अजून कोणी बोलेरो घातल्याचं ऐकिवात नाही. म्हणूनच समुद्रकाठची सुट्टी, भाड्याची गाडी आणि फेरीबोट या तिन्हींवर निःपक्षपाती मत द्यायला वडवणीसारखी जागा नाही, कारण ज्याचं समुद्राशी देणंघेणं नाही त्यालाच समुद्राचा निवाडा करता येतो. निवाडा असा : सहलीला गाडी भाड्याने जरूर घ्यावी, पण ती मधून मधून फेरीबोटीवर नेऊन बंद करावी. गाडीच्या सहलीत सुट्टी म्हणावी असा वेळ तेवढाच असतो. बाकी सगळी वाहतूक.

बेटावरची सुट्टी म्हटलं की हल्ली लोकांना कॅरिबियन आठवतं. मराठी माणसाला ते बेटांचं जग १९७१ पासून माहीत आहे. त्या वर्षी वाडेकरांचा भारतीय क्रिकेट संघ वेस्ट इंडीजला गेला, पोर्ट ऑफ स्पेनला जिंकला, मडगावात जन्मलेल्या सरदेसायांनी धावांचा ढीग घातला आणि गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा काढल्या. तिकडच्या लॉर्ड रिलेटरने गावसकरांवर कॅलिप्सो रचला. मात्र रेडिओला कान लावून शिकलेला भूगोल थोडा कच्चा राहतो. त्या दौऱ्यातली एक कसोटी झाली ते जॉर्जटाऊन बेटावर नसून दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे, हे आमच्याकडच्या अनेक जाणकारांना आजही मान्य नाही. सोबर्स ज्या बार्बाडोसचा, ते बेट लांबीला ३४ किलोमीटर आणि रुंदीला २३. एकट्या बीड जिल्ह्याच्या क्षेत्रफळात अशी चोवीस बेटं सहज बसतील आणि वर थोडी गायरान जमीन उरेल. अशा जागी लोक विमानाने येतात, उतरल्या उतरल्या गाडी भाड्याने घेतात आणि तिला एच या अक्षराने सुरू होणारी नंबरप्लेट असते. म्हणजे समोरून येणाऱ्या स्थानिकाला लांबूनच कळतं की पाहुणा येतो आहे, बाजूला व्हा. ही सोय आपल्याकडे लग्नसराईत तरी सुरू करायला हरकत नाही.

अमेरिकेच्या ताब्यातल्या व्हर्जिन आयलंड्सची तऱ्हा याहून न्यारी. तिथे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायची, आपल्यासारखीच. पण गाड्या येतात अमेरिकेतून, त्यामुळे स्टिअरिंगही डावीकडेच. ड्रायव्हर गटाराच्या बाजूला बसतो आणि समोरून येणाऱ्या वाहनाची चिंता शेजारी बसलेल्या बायकोने करायची. (ती चिंता ती तशीही करते, पण इथे कायद्याने तिला जागाही मोक्याची दिलेली आहे.) सेंट थॉमसहून सेंट जॉनला गाडी न्यायची तर तराफ्यासारख्या सपाट बोटीवर ती रिव्हर्समध्ये चढवावी लागते. वडवणीच्या माणसाला हे ऐकून दरदरून घाम फुटणार नाही. गाडी मागे घेताना चार अनोळखी माणसांनी चार कोपऱ्यांत उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणावं आणि काच फुटल्यावर ‘बस्स’ म्हणावं, या शास्त्रात आपला हात कोणी धरणार नाही. अडचण निराळीच आहे. बार्बाडोसला भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण तिथे पोहोचायला बहुधा लंडन किंवा अमेरिका लागते आणि त्यांना लागतो. मुक्कामाला मोकळीक आणि वाटेला परवानगी, असा हा मामला असल्यामुळे कॅरिबियन तूर्त बाजूला ठेवू आणि रायगड जिल्ह्याकडे वळू. जी मजा तिकडे आहे ती इकडे आहे, आणि इकडे सोलकढीही मिळते.

आता गाडीचा हिशेब. वडवणीचं कुटुंब सहलीला निघतं तेव्हा ते गाडी ‘करतं’. गाडी केली की ड्रायव्हर आला, त्याचा भत्ता आला, टोल आला आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे रोजचे किमान किलोमीटर आले. बहुतेक ठिकाणी दिवसाला तीनशे किलोमीटर धरतात. गाडी दिवसभर आंब्याच्या झाडाखाली उभी राहिली तरी तीनशेचे पैसे द्यायचे. मोजणीही गाडीमालकाच्या दारापासून त्याच्या दारापर्यंत. मराठी पर्यटनाचं बरंचसं मानसशास्त्र या एका अटीत सामावलं आहे. दिवेआगरच्या पुळणीवर बसलेल्या कुटुंबप्रमुखाला समोर लाटा दिसत नाहीत, न वापरलेले दोनशे दहा किलोमीटर दिसतात. मग तो उठतो, पायाची वाळू झटकतो आणि ‘चला, रायगड करून येऊ’ असं म्हणतो. पैसे भरलेच आहेत तर किलोमीटर संपवलेच पाहिजेत, ताटात वाढलेलं टाकायचं नसतं. त्यामुळे आपल्या सहलीत देवदर्शन, किल्ला, धबधबा आणि एक धरण हे सगळं एका दिवसात बसतं आणि परत आल्यावर सांगण्यासारखी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे किती तासांत पोहोचलो. ‘पहाटे चारला वडवणी सोडली, नऊला पुणे मागं टाकलं.’ समुद्राचं काय? समुद्र होता की.

या हिशेबाचा कणा मोडणारी एकच गोष्ट महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आहे, ती म्हणजे फेरीबोट. रायगडात बरेच लोक तिला जंगलजेटी म्हणतात. नकाशा पाहिला तर मुरूडहून रत्नागिरीकडे जाणारा किनारा अखंड नाही. राजपुरीची खाडी येते, मग सावित्रीची, मग वाशिष्ठीची, मग शास्त्रीची. पूर्वी गाडीवाल्यांना दर खाडीला लांबवर आत जाऊन पुन्हा बाहेर यावं लागे. २००३ साली दाभोळ ते धोपावे अशी गाड्या नेणारी फेरी सुरू झाली आणि हे चित्र पालटलं. आज आगरदांड्याला गाडी बोटीत चढवली की दिघीला उतरते, बागमांडल्याला चढवली की वेसवीला, दाभोळला चढवली की धोपाव्याला, तवसाळला चढवली की जयगडला, आणि तिथून गणपतीपुळे हाकेच्या अंतरावर. चार खाड्या, चार फेऱ्या. सावित्री ओलांडताना जिल्हासुद्धा बदलतो, रायगड जाऊन रत्नागिरी येतो, आणि तरी मीटरचा आकडा जागचा हलत नाही. किलोमीटर न खर्चता माणूस दुसऱ्या जिल्ह्यात! कुटुंबप्रमुखाचं गणित इथे कोलमडतं. गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला, ओव्हरटेक करायला कोणी नाही आणि लवकर पोहोचण्याचा कोणताही उपाय हातात नाही. म्हणून तो नाइलाजाने दार उघडतो, कठड्याशी जातो आणि आयुष्यात पहिल्यांदाच पाण्याकडे, पाण्याकडे पाहतात तसं, पाहतो. ड्रायव्हरही खाली उतरतो. रस्त्यावर तासन्‌तास एकमेकांच्या शेजारी बसून ज्यांचं ‘डावीकडं घ्या’ पलीकडे बोलणं झालेलं नसतं, ते दोघे बोटीवर एकमेकांच्या गावचं पाऊसपाणी विचारतात.

यावर पहिला आक्षेप तरुण मंडळींचा. ड्रायव्हर कशाला, स्वतः चालवायची गाडी घ्या, म्हणजे भत्ताही वाचेल आणि किमान किलोमीटरची कटकटही. हे खरं आहे, आणि गोव्यात ती सोय मुबलक आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी म्हणजे कायदेशीर भाड्याची, आणि पांढऱ्या पाटीची गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तर ती घेऊ नये, कारण ती खाजगी वापराची असते आणि पोलिसांनी अडवल्यावर आपण मालकाचे मेहुणे आहोत हे सिद्ध करत बसावं लागतं. पण ड्रायव्हर वाचवला म्हणजे काय केलं? घरातला एक माणूस ड्रायव्हर केला. तो डोंगर पाहत नाही, समुद्र पाहत नाही, मोबाइलवरची बाई सांगेल तिथे वळतो, आणि मागच्या सीटवरून आई त्या बाईच्या विरुद्ध सांगते. या माणसाला तर फेरीबोटीची गरज सगळ्यांहून जास्त. गोव्यात काळ्या पाटीची गाडी घेतलेल्याने म्हणूनच दिवाडी बेटावर जावं. जुन्या गोव्याहून फेरी मिळते, पायी माणसाला तिकीट नाही आणि मांडवी ओलांडेपर्यंत मोबाइलवरच्या बाईला काही बोलता येत नाही. रायबंदरहून चोडणला गेलात तर सलीम अली पक्षी अभयारण्यही पाहता येतं. बेट, भाड्याची गाडी, फेरी : कॅरिबियनच्या जाहिरातीत जे जे असतं ते सगळं आलं, शिवाय गाडीचं स्टिअरिंग योग्य बाजूला.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. तुम्हाला फेरी म्हणजे मजा, पण खाडीकाठच्या माणसाने रात्री बाळंतीण घेऊन शेवटची बोट चुकली तर काय करायचं? आंब्याच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो भरती-ओहोटीची वाट पाहत उभा करायचा का? नाही. पूल झालेच पाहिजेत. रेवस ते रेडी हा सागरी मार्ग बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून म्हणजे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कागदावर आहे, आणि आता खाड्यांवरच्या पुलांची कामं हाती घेतली जात आहेत. त्यात आडवं येण्याचा अधिकार अर्थातच वडवणीच्या पाहुण्याला नाही. ज्या बीडला रेल्वेसाठी तीस वर्षं वाट पाहावी लागली त्याने दुसऱ्याच्या पुलाला रम्यतेच्या नावाखाली विरोध करणं शोभत नाही. माझं म्हणणं एवढंच की पूल झाला म्हणून फेरी मोडीत काढण्याचं कारण नाही, आणि याचा पुरावा मांडवीवर उभा आहे. पणजीजवळचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तेव्हा अख्ख्या उत्तर गोव्याचा भार फेऱ्यांनीच वाहिला. पुढे नवा पूल आला, दुसरा आला, २०१९ मध्ये उंच अटल सेतूही आला, आणि त्या पुलांच्या सावलीतून पणजी ते बेती ही फेरी चालूच राहिली. घाई असलेल्याने वरून जावं, नसलेल्याने खालून. पुलावरून गेलेल्या माणसाला खाडी आली होती हे अनेकदा पाटी वाचून कळतं, तीही वाचायला वेळ मिळाला तर.

तिसरा आक्षेप वेळ वाया जातो असा. हा आक्षेप पुणेकराने घेतला तर समजू शकतो, बीड जिल्ह्याने घेऊ नये. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली आणि गाडी बीडला आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. वडवणी त्याच मार्गावर बीडच्या पुढे आहे. तीस वर्षं रुळांकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला दिघीच्या धक्क्यावरचा अर्धा तास जड जावा, हे पटण्यासारखं नाही. उलट वाट पाहणं ही ज्या भागाची अंगभूत विद्या आहे, त्याने ती निदान एकदा तरी माडाच्या सावलीत, हातात शहाळं घेऊन वापरून पाहावी. वेळ खरंच वाचवायचा असेल तर मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो आहे. ती १५ मार्च २०२० रोजी सुरू झाली आणि पाठोपाठ आलेल्या टाळेबंदीने धक्क्यावरच बसली, म्हणजे वाट पाहण्याच्या बाबतीत तीही आपलीच नातेवाईक. पुढे ती नीट चालू झाली. पण वडवणीहून मुंबईमार्गे मांडव्याला जाणं म्हणजे आधी मुंबईची वाहतूक, आणि ती पार करून झाल्यावर सुट्टीची नव्हे, विश्रांतीची गरज लागते.

तेव्हा येत्या उन्हाळ्यात कोकणाकडे निघणाऱ्यांना दोनच सूचना. शेवटची फेरी किती वाजता सुटते हे आदल्या गावातच विचारून घ्या, नाहीतर ओहोटीकडे बघत गाडीतच झोपावं लागेल. आणि गाडी ठरवताना टोल, पार्किंग, भत्ता यांचं बोलणं होतंच, तसं फेरीचं तिकीट तुमच्याकडे की गाडीमालकाकडे हेही वडवणीतच बोलून घ्या, धक्क्यावर गेल्यावर त्याचा फोन लागत नाही.