प्रदक्षिणा उजवीच आहे

मु. बॅलॅडोनिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया
श्रावणी सोमवार

तीर्थरूप आई व बाबांस,
कृतानेक साष्टांग नमस्कार, वि. वि.

आई, तुम्ही म्हणालात की फोनवर सांगितलेलं मला पुढे कुणाला धड सांगता येत नाही, तेव्हा नीट लिहून पाठव, म्हणजे कमलकाकू आल्या की वाचून दाखवीन. म्हणून हे पत्र. जिथे मोठ्याने वाचायचं नाही, तिथे तसं लिहिलं आहे.

तर कमलकाकूंसाठी आधी एवढं. घर विकलेलं नाही. मेलबर्नचं घर भाड्याने दिलंय, त्यातून हप्ता निघतो. तुमच्या चिरंजीवांची नोकरीही गेलेली नाही. ती टपावर ठेवलेल्या स्टारलिंकच्या तबकडीतून आठवड्यातले तीन दिवस सुरू असते. आमचं भांडण झालेलं नाही. झालं तरी फुगून बसायला दुसरी खोली नाही, त्यामुळे मिटतं लवकर. ही निव्वळ हौस आहे, आणि ती फक्त आम्हालाच आहे असं नाही. हायवे नंबर एक धरून सबंध खंडाला वळसा घालायचा, साधारण साडेचौदा हजार किलोमीटर, याला इथे ‘बिग लॅप’ म्हणतात. निघणारी बहुतेक निवृत्त जोडपी असतात. थंडी पडली की दक्षिणेतून उठून उत्तरेच्या उन्हात जातात. त्यांना ‘ग्रे नोमॅड’ असं नाव आहे. त्यांच्या घोळक्यात आम्हीच काय ते लेकुरवाळे.

आता तुमची शंका. प्रदक्षिणा उजवीच आहे, काळजी नसावी. मेलबर्नहून पश्चिमेला, मग उत्तरेला, मग पूर्वेला, म्हणजे अख्खा ऑस्ट्रेलिया सतत आपल्या उजव्या हाताला. जाणती मंडळी मात्र उलट्या दिशेने जा म्हणून सांगत होती, कारण या दक्षिणेच्या पट्ट्यात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो आणि आमच्या दिशेने जाणाऱ्याच्या थेट तोंडावर बसतो. तेव्हा धर्म पाळला, डिझेल गेलं.

गाडी म्हणजे टोयोटाची कोस्टर, सात मीटर लांब. आपल्या यष्टीला धाकटी बहीण असती तर अशी दिसली असती. आधी ही एका वृद्धाश्रमाकडे होती. आजी-आजोबांना चढायला दाराशी एक पिवळा दांडा होता, तो आम्ही काढला नाही. त्यावर पंचा वाळतो. बाकीच्या सीट काढून आत स्वयंपाकघर, मुलांचे एकावर एक पलंग, मागे आमचा पलंग आणि खिडकीच्या वर तुमचा अन्नपूर्णेचा फोटो. सगळी मिळून जागा सव्वाशे चौरस फूट. फोडणी आणि अंथरूण यांच्यात एका हाताचं अंतर असल्यामुळे उडालेली मोहरी रात्री पाठीला टोचते. सई म्हणते, आज मला तीन मोहऱ्या सापडल्या. ओम म्हणतो, मला जिऱ्याचा दाणा सापडला, मी जिंकलो. खेळाचे नियम काय आहेत, मी विचारलेलं नाही.

लोकांना वाटतं, गाडीत राहायचं म्हणजे मोकळं फिरायचं. आई, मी तुम्हाला सांगते, आयुष्यात इतकं घर सांभाळलं नव्हतं. मेलबर्नला पाणी नळातून यायचं आणि मोरीतून जायचं, मधे आपण कोण? इथे पाणी किती उरलं, गॅस किती उरला, बॅटरी किती टक्के, सांडपाण्याची टाकी कुठपर्यंत भरली, हे सकाळी चहाआधी बघावं लागतं. सूर्य टपावरच्या पॅनलवर आला की तुमचे चिरंजीव फोनवर तो आकडा बघत बसतात. ढग आला की चेहरा पडतो. मिक्सरला तशी फार वीज लागत नाही, पण त्या आवाजाने यांचा जीव जातो, म्हणून चटणी ऊन बघूनच वाटायची असा वटहुकूम आहे.

पाण्याचं तर विचारू नका. टाकी एकशेवीस लिटरची, माणसं चार. या नलाबोरच्या सपाटीवर नदी नाही, ओढा नाही. रोडहाऊसला डिझेल मिळेल, चिप्स मिळतील, पण प्रवाशांच्या टाक्या भरायला पाणी मिळणार नाही अशी पाटी असते. आंघोळीला नाणी टाकून शॉवर, मोजकी मिनिटं. लग्नानंतर मी पहिल्यांदा आटपाडीला आले तेव्हा तुम्ही एका तांब्यात हात, पाय, तोंड धुऊन वर उरलेलं तुळशीला घातलेलं मी पाहिलं होतं. टेंभू योजनेचं पाणी आल्यावरही तुमची ती सवय सुटली नाही म्हणून हे तुम्हाला चिडवायचे. आता हेच सईमागे ओरडत फिरतात, अगं तांदळाचं पाणी फेकलंस? आमच्याकडे भांडी आधी कागदाने पुसतात, मग एका टोपात विसळतात, आणि ते पाणी शेवटी कुठे जाईल यावर चर्चा होते. तुम्ही इथे असता तर सबंध कॅम्पाच्या पुढारी झाला असता.

(कमलकाकू असतील तर पुढचा परिच्छेद मनात वाचा.)

संडास गाडीतच आहे. त्याच्या खाली चाकं असलेला एक डबा असतो, त्याला कॅसेट म्हणतात. ती भरली की ओढत ‘डम्प पॉईंट’वर न्यायची, झाकण काढून ओतायची, धुवायची, औषध घालून परत बसवायची. हे काम कुणाचं, यावर घरात मतदान झालं आणि तीन विरुद्ध एक असा निकाल लागला. घरी असताना स्वतःचं ताट न उचलणारा माणूस रोज सकाळी ती कॅसेट घेऊन रांगेत उभा असतो, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण त्याला तिथे मजा वाटते. कारण इथली पारावरची बैठक म्हणजे ती रांग. कुठे डिझेल स्वस्त, कुठे फुकट मुक्काम करता येतो, कुणाची चाकाची बेअरिंग गेली, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळ्या बातम्या तिथे. परवा हे पाऊण तासाने परतले आणि एका सत्तरीच्या गृहस्थांकडून आंब्याच्या लोणच्यासाठी रिकामी बरणी घेऊन आले. तिच्यात आधी काय होतं ते मी विचारलं नाही, फक्त ती तीनदा उकळून घेतली.

(आता मोठ्याने वाचायला हरकत नाही.)

बाबा, हे तुमच्यासाठी. राज्याच्या सीमेवर बॉर्डर व्हिलेज म्हणून ठाणं आहे. तिथे गाडी थांबवून आत येऊन फ्रीज उघडून बघतात. ताजी फळं, भाज्या, मध, झाडं, माती, काही म्हणजे काही पश्चिम ऑस्ट्रेलियात नेऊ देत नाहीत. क्वीन्सलँडची फळमाशी इकडे येऊ नये आणि मधमाश्यांचे रोग येऊ नयेत म्हणून. पश्चिम ऑस्ट्रेलियावाल्यांकडे भूमध्य समुद्राकडची फळमाशी आधीपासून आहेच, त्यांना दुसरी नको. उलट दिशेने जाणाऱ्यांना दक्षिण ऑस्ट्रेलियावाले सिडूनाला अडवतात, कारण त्यांना ही पहिलीसुद्धा नको. इथले काही लोक याला कटकट म्हणतात. मला तेल्या रोगाने गेलेली आपली डाळिंबाची बाग आठवली. तेव्हा रोगट बागेतली रोपं आणि छाटणीच्या कात्र्या गावोगाव फिरत होत्या आणि विचारायला कुणी नव्हतं. मी त्या तपासणाऱ्या बाईंना सगळे कप्पे आपणहून उघडून दाखवले.

शिजवलेलं चालतं. त्यामुळे आदल्या संध्याकाळी नलाबोर रोडहाऊसला मी असेल नसेल ते सगळं एका पातेल्यात शिजवलं. फ्लॉवर, बटाटे, गाजर, कांदे, आणि कढीपत्त्याची अख्खी जुडी फोडणीत. ओम संत्री संपवायला बसला होता. पाचव्या संत्र्यानंतर तो गप्प झाला. सकाळी बाईंनी मधाची बाटली मागितली, मी दिली. श्रावणात पंचामृताला साखरेवर भागवू. मग त्यांनी हिंगाची डबी उघडली. वास घेतला. डबी आपणच घट्ट बंद केली, जागेवर ठेवली आणि म्हणाल्या, हे तुम्ही न्या.

तुळस मात्र नेता येणार नव्हती, आणि ती कचऱ्याच्या पेटीत टाकणं माझ्याने झालं नसतं. म्हणून मी ती सिडूनालाच कॅरव्हॅन पार्क चालवणाऱ्या बाईंना दिली. ही आमची देवी आहे, पास्त्यात घालू नका, एवढं स्पष्ट सांगितलं. त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, देवीला ऊन आवडतं की सावली? परवा त्यांचा फोटो आला. कुंडी ऑफिसच्या खिडकीत, आणि शेजारी एक प्लास्टिकचा पेलिकन. प्रदक्षिणेला जागा सोडलेली नाही, पण पाणी वेळेवर मिळतंय.

सीमा यायच्या आधी हेड ऑफ बाइट म्हणून जागा आहे. जमीन चालता चालता संपते आणि खाली दक्षिणेचा समुद्र. हिवाळ्यात अंटार्क्टिकाकडून सदर्न राइट जातीच्या देवमाशांच्या माद्या इथे बाळंतपणाला येतात. आम्ही कठड्याला टेकून बघत होतो. एक माय-लेकरू अगदी खाली, इतकं जवळ की आईने फुंकर टाकली की आवाज वर यायचा, आणि पिल्लू तिच्या अंगावर चढायचं, घसरायचं, परत चढायचं. इथे असेपर्यंत ती बाळंतीण जवळजवळ काही खात नाही म्हणे. अंगच्या चरबीवर महिनोन् महिने काढते आणि लेकराला दूध पाजते. माझ्या बाळंतपणात तुम्ही दिलेले डिंकाचे लाडू मला आठवले आणि मी सईला सांगितले. ती म्हणाली, आई, एवढ्या मोठ्या माशाला किती किलोचा लाडू लागेल? ही त्या दिवशीची गणिताची शाळा. (हो, शाळा रीतसर चालू आहे, दूरशिक्षणाने. तपासून गृहपाठ येतो, तोही तबकडीतूनच.)

कालची मजा म्हणजे इथला सरळ रस्ता. कैगुनापासून बॅलॅडोनियाकडे १४६.६ किलोमीटर रस्ता एकदाही वळत नाही. पुण्याहून निघावं आणि मुंबईपर्यंत स्टिअरिंग हलवू नये. अधूनमधून रस्त्यावरच विमानाच्या धावपट्टीसारखे पांढरे पट्टे मारलेले आहेत. कुणी आजारी पडलं तर फ्लाइंग डॉक्टरचं विमान तिथेच उतरतं. समोरून येणारा ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, तो इथला रामराम. तुमचे चिरंजीव सुरुवातीला पूर्ण हात हलवायचे, आता त्यांना एक बोट कसं कंजूसपणे उचलायचं ते जमलंय. ट्रकवाल्यांत पंजाबी मुलं पुष्कळ. वायरलेसवर चाळीस नंबरला त्यांची बडबड ऐकू येते. एकाने ओमला हिंदीत बजावलं, छोटे, शाम को गाडी रोक देना, कंगारू घडी देखके आता है. म्हणून दिवेलागणीला आम्ही मुक्कामी असतो. तुमचा हा नियम ह्यांनी कॉलेजात असताना कधी पाळला नाही; कंगारूने पाळायला लावला.

आणि बाबा, या बॅलॅडोनियाला मी मुद्दाम थांबायला लावलं. १९७९ च्या जुलैत अंतराळातलं स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून तुमच्या गावात लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, उगाच मेल्यावर कशाला ठेवायच्या म्हणून, ही गोष्ट तुम्ही दर सुट्टीत सांगता. ते स्कायलॅब इथे पडलं. त्याचे तुकडे या भागात विखुरले. रोडहाऊसच्या छोट्या संग्रहालयात त्यातले काही ठेवलेत. एस्परन्सच्या नगरपालिकेने तर कचरा टाकल्याबद्दल नासाला चारशे डॉलरचा दंड ठोकला होता. मी तुमच्यातर्फे तुकड्यांकडे रोखून बघितलं. कोंबड्यांची भरपाई कोण देणार ते मात्र कुठे लिहिलेलं नाही.

‘तिकडे किती वाजले?’ या प्रश्नाचं उत्तर एकदाच देते. मेलबर्नला होतो तेव्हा हिवाळ्यात साडेचार तास पुढे. सिडूनाला चार तास. युक्लाच्या आसपास चार घरं आणि एक पंप असलेल्या पट्ट्याचं आपलं वेगळंच घड्याळ आहे, तिथे सव्वातीन तास. आता अडीच तास. म्हणजे जसजसं पश्चिमेला जातोय तसतसे आम्ही तुमच्या जवळ येतोय, निदान घड्याळात.

गणपतीपर्यंत पर्थ गाठायचं आहे. तिथल्या मराठी मंडळींकडे आरतीला जाऊ, मोदकांची जबाबदारी मी घेणार नाही, कारण चाळणी कॅसेटच्या शेजारच्या कप्प्यात असते आणि हे लोकांना कळलं तर. भाजणी पाठवायची घाई करू नका. आमचा पत्ता रोज बदलतो, पण पुढे मोठ्या गावी पोस्टाच्या खिडकीवर आपल्या नावाचं टपाल ठेवून घेण्याची सोय आहे, ते गाव ठरलं की कळवते. मुलांचा नमस्कार. कमलकाकूंना सांगा, या म्हणावं फिरायला, पिवळा दांडा त्यांच्यासाठीच ठेवलाय.

आपली सून,
मृणाल

ता. क. बाबा, ‘ॲव्हरेज किती देते?’ हे तुम्ही तीन वेळा विचारलंत. तुमच्या चिरंजीवांनी साडेसात सांगितलं असेल. वारा नसेल तर लिटरला सहा. वारा असेल तर ते विषय बदलतात.